ड्रॅगनचा कोणता चित्रपट लावायचा? चार चित्रपट, प्रेक्षकांची मतं आणि माझा कौल

सहा वर्षांचा भाचा, अकरा वर्षांची पुतणी आणि त्यांच्या मागे पाय पसरून बसलेली आम्ही तीन मोठी माणसं. "ड्रॅगनवाला लाव ना," एवढीच मागणी. पण ड्रॅगनवाला म्हणजे नेमका कोणता? तो ठरवण्यातच अर्धा तास जातो, आणि निवड चुकली तर छोटा वीस मिनिटांत घाबरून मांडीवर येऊन बसतो, नाहीतर मोठी कंटाळून उठून जाते. माझ्याकडून हे दोन्ही झालंय. त्यानंतर मात्र मी नीट बसून लोकांची मतं वाचली, चित्रपट पुन्हा बघितले, काही मुलांबरोबर आणि काही एकटीने. ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझ्यासमोर चार नावं होती. ड्रीमवर्क्सचा 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (२०१०), डिस्नीचा 'राया अँड द लास्ट ड्रॅगन' (२०२१), सोनीचा 'विश ड्रॅगन' (२०२१) आणि आयर्लंडच्या कार्टून सलून या स्टुडिओचा 'माय फादर्स ड्रॅगन' (२०२२). चारही चित्रपटांत एक एकटं पडलेलं मूल आहे आणि एक ड्रॅगन आहे. चौघांची लांबीही जवळपास सारखीच, शंभर मिनिटांच्या आगेमागे. त्यामुळे वरवर बघितलं तर कोणताही लावा, काय फरक पडतो असं वाटतं. पण फरक पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. पुढे कथेतले काही महत्त्वाचे प्रसंग उघड होणार आहेत. मुलांना काय दाखवायचं हे ठरवताना ते लपवून चालत नाही.

मतं वाचायची माझी एक पद्धत आहे. मी नाराज प्रेक्षकांपासून सुरुवात करते. कौतुक सगळ्या चित्रपटांच्या वाट्याला सारखंच येतं: दृश्यं सुंदर, मुलांना आवडला, डोळ्यांत पाणी आलं. त्यातून निवड होत नाही. तक्रार मात्र नेमकी असते. "पहिल्या दहा मिनिटांत आमची लेक रडायला लागली" किंवा "ड्रॅगन फार बडबड करतो" असं कोणी लिहिलं की मला माझ्या घरातली माणसं डोळ्यांसमोर आणून ठरवता येतं. एखाद्याची तक्रार माझ्यासाठी चक्क शिफारसही ठरते. 'फार संथ आहे' असं वाचलं की मी तो चित्रपट पुतणीसाठी बाजूला काढून ठेवते.

मातीतली रेघ

'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'बद्दल वाईट बोलणारे शोधावे लागतात. बर्क नावाच्या बेटावर व्हायकिंग लोक पिढ्यान्‌पिढ्या ड्रॅगनांशी लढत आलेत. सरदार स्टॉइक धिप्पाड आणि त्याचा मुलगा हिकप काडीसारखा. हा मुलगा स्वतः बनवलेल्या यंत्राने एक काळा ड्रॅगन (त्याचं नाव पुढे टूथलेस) पाडतो, मारायला जातो आणि त्याच्याच्याने ते होत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज दहा वर्षांच्या मुलालाही येतो, आणि 'कथा ओळखीची आहे' ही तक्रार खरीच आहे. तरी लोक तो पुन्हा पुन्हा बघतात, आणि त्याचं कारण माझ्या मते एका प्रसंगात सापडतं.

खोलगट दरीत तळ्याकाठी हिकप काठीने मातीत टूथलेसचं चित्र काढत बसलेला असतो. टूथलेस मागून येऊन बघतो. मग जाऊन एक झाडच तोंडात धरून आणतो आणि त्याने जमिनीवर वेड्यावाकड्या रेघा ओढत सुटतो. हिकप उठून बघायला जातो आणि त्याचा पाय एका रेघेवर पडतो. टूथलेस गुरगुरतो. पाय उचलला की गप्प. पुन्हा ठेवला की पुन्हा गुरगुर. मग हिकप रेघा चुकवत, गिरक्या घेत, जवळजवळ नाचतच पुढे सरकतो आणि त्याच्या लक्षात येण्याआधीच ड्रॅगनच्या नाकासमोर उभा राहतो. हात लावायला जातो तर टूथलेस मागे सरतो. तेव्हा हिकप हात पुढे ठेवूनच मान दुसरीकडे वळवतो आणि डोळे मिटतो. एक क्षण काहीच घडत नाही. मग ड्रॅगन आपणहून त्याच्या तळव्याला नाक टेकवतो.

या सगळ्यात शब्द जवळजवळ नाहीतच, फक्त जॉन पॉवेलचं संगीत आहे. त्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. आमच्याकडे हा प्रसंग चालू असताना भाच्याने सोफ्यावरच्या उशीकडे तळवा केला, तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून बसून राहिला. त्याला इंग्रजी फारसं कळत नाही. त्या प्रसंगासाठी ते लागलंच नाही. वाचता न येणाऱ्या किंवा चित्रपटाची भाषा नीट न समजणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच गोष्ट आहे, आणि मतं देणाऱ्यांत फार कमी लोक ती बोलून दाखवतात.

टूथलेसला बोलता येत नाही हा या चित्रपटाचा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. क्रेसिडा कॉवेल यांच्या २००३च्या मूळ पुस्तकात टूथलेस छोटासा आणि साधासुधा ड्रॅगन आहे. चित्रपटाने त्याला मोठा, काळा आणि सगळ्यांनी धास्ती घ्यावी असा केला. दिग्दर्शक डीन डब्लॉय आणि ख्रिस सँडर्स यांनीच त्याआधी २००२ मध्ये 'लिलो अँड स्टिच' केला होता, त्यामुळे 'टूथलेस स्टिचसारखा दिसतो' हे प्रेक्षकांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तेच रुंद तोंड, तेच मोठे डोळे, तोच खोडकरपणा.

उडण्याची दृश्यं हे लोकांच्या प्रेमाचं दुसरं कारण. टूथलेसच्या शेपटीचा एक पंखा हिकपच्याच हल्ल्यात तुटलेला असतो, म्हणून तो एकटा उडू शकत नाही. हिकप कापड आणि लोखंडाचा नवा पंखा बनवतो आणि तो पायाने चालवतो. कोणत्या वळणाला पाय कुठे ठेवायचा याचा कागद त्याने सोबत घेतलेला असतो. उंच आभाळात दोघं एकमेकांपासून सुटतात, खाली कोसळतात, कसंबसं हिकप पुन्हा पाठीवर येतो, तो कागद तोंडासमोर फडफडत असतो आणि समोर खडक. वाचायला वेळच नाही. तो कागद वाऱ्यावर सोडून देतो. पुढचे काही क्षण आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हतं. प्रकाशयोजनेसाठी या चित्रपटाने छायालेखक रॉजर डिकिन्स यांचा सल्ला घेतला होता, आणि ते जाणवतं. रात्र खरोखर काळोखी दिसते, आगीचा उजेड खरोखर तेवढ्याच जागेत पडतो.

तक्रारी? मोठे व्हायकिंग स्कॉटिश ढंगात बोलतात आणि त्यांचीच पोरं अमेरिकन ढंगात, हे अनेकांना खटकतं. मलाही खटकलं, पाच मिनिटं. दुसरी तक्रार जास्त वजनदार आहे: 'ड्रॅगन शत्रू नाहीत' असं सांगणारा चित्रपट शेवटी एका महाकाय ड्रॅगनला मारूनच संपतो. हे बोलणाऱ्यांचं मला पटतं. आणि तिसरी, पालकांची: शेवटच्या लढाईनंतर हिकप शुद्धीवर येतो तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्याखाली नसतो. आगाऊ कल्पना नसेल तर छोट्या मुलांसमोर हे एकदम येतं.

माझा अनुभव सांगते. हिकप पलंगावरून पाय खाली टेकवतो, आपल्याला एक खरा पाय आणि एक लाकडालोखंडाचा दिसतो. तो उभा राहायला जातो, तोल जातो, आणि टूथलेस डोकं पुढे करून त्याला सावरतो. भाचा घाबरला नाही. त्याने विचारलं, "आता दोघांचं सारखं झालं का?" टूथलेसचा तुटलेला पंखा त्याच्या लक्षात होता. मोठ्या माणसांनी या प्रसंगाची जेवढी काळजी केली, तेवढी बहुतेक मुलांना करावी लागत नाही, असं माझं मत झालंय. ज्या मुलाने घरात अपघात किंवा मोठं आजारपण बघितलंय, त्याच्याबाबतीत मात्र आधी बोलून घ्यावं.

कुमंड्रा आणि पुतणीचा प्रश्न

'राया'ची मतं वाचायला बसलं की दोन वेगळ्या चित्रपटांबद्दल वाचतोय असं वाटतं. एक गट म्हणतो, डिस्नीने इतकं देखणं क्वचितच केलंय. दुसरा म्हणतो, शिकवण सारखी तोंडाने सांगतात. दोघंही खरं बोलतायत.

कुमंड्रा हे एकेकाळचं एकसंध राज्य. आता त्याचे पाच तुकडे झालेत आणि प्रत्येकाला ड्रॅगनच्या एका अवयवाचं नाव आहे: हृदय, सुळा, कणा, नखर आणि शेपूट. ड्रून नावाची जांभळ्या-काळ्या धुरासारखी पीडा माणसांना दगड करते. पाचशे वर्षांपूर्वी ड्रॅगनांनी आपली शक्ती एका रत्नात ओतून तिला रोखलं होतं. ते रत्न भांडणात फुटतं, आणि सहा वर्षांनी राया त्याचे तुकडे गोळा करत, शेवटच्या ड्रॅगनच्या शोधात निघते. ती ड्रॅगन म्हणजे सिसू. पंख नाहीत, आग नाही. ती पाण्याची ड्रॅगन आहे, आग्नेय आशियातल्या नागकथांवरून घडवलेली, आणि पावसाच्या थेंबांवर पाय ठेवत आभाळात चढते. ते दृश्य मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

लढाया या चित्रपटाची सगळ्यात भक्कम बाजू. सिलाट, अर्निस, मुए थाई अशा खऱ्या युद्धकलांचा आधार घेतल्यामुळे राया आणि तिची वैरीण नमारी भिडतात तेव्हा प्रत्येक फटक्याला वजन असतं. ज्या मुलींना कराटे, कुस्ती, काहीही खेळायला आवडतं, त्यांना हा चित्रपट आधी दाखवा. प्रेमकथा नाही, राजपुत्र नाही, दोन मुलींमधलं वैर हाच कथेचा कणा. अकरा वर्षांच्या मुलीला हे किती हवं असतं ते मी शेजारी बसून बघितलंय.

आता तक्रारी. सिसूचे विनोद आजच्या गप्पांमधल्या भाषेत आहेत आणि त्या जुन्या दुनियेत ते वेगळे पडतात. हे मत सगळ्यात जास्त वेळा दिसतं. मला स्वतःला सिसूचा भाबडेपणा आवडतो, पण चांगला शांत प्रसंग तिच्या एखाद्या वाक्याने विस्कटतो हे मान्य. दुसरं, १०७ मिनिटांत पाच प्रदेश. शेपूट प्रदेश म्हणजे वाळवंट, नखर म्हणजे पाण्यावरचा बाजार, आणि डोळे स्थिरावतात तोवर पुढे निघायची वेळ. आणखी एक आक्षेप आग्नेय आशियाई प्रेक्षकांनी घेतलाय: इतक्या वेगवेगळ्या देशांच्या संस्कृती एकाच भांड्यात ढवळल्या आणि आवाज देणारे बरेच कलाकार मात्र पूर्व आशियाई वंशाचे. रायाचा आवाज केली मरी ट्रॅन यांचा, त्या व्हिएतनामी वंशाच्या आहेत. पण बाकीच्यांकडे बघितलं की आक्षेपात तथ्य दिसतं.

आणि मग आमच्या पुतणीचा प्रश्न. नमारी लहानपणी रायाचा विश्वास मिळवते आणि दगा देते. त्यातून रत्न फुटतं, रायाचे वडील दगड होतात. पुढे सिसू म्हणते, तिच्यावर विश्वास ठेव. राया ठेवते आणि पुन्हा अनर्थ होतो. शेवटी जग वाचवायला राया आपल्याजवळचा तुकडा नमारीच्या हातात देते आणि स्वतः दगड होते. पुतणी ताडकन म्हणाली, "पण चूक नमारीची होती ना? मग दर वेळी रायानेच का पुढे व्हायचं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रेक्षकांच्या मतांतही हा वाद सगळ्यात तापलेला आहे. एक बाजू म्हणते, कोणीतरी आधी पाऊल टाकल्याशिवाय वैर मिटत नाही आणि चित्रपट तेच धाडसाने सांगतो. दुसरी म्हणते, दगा खाल्लेल्या मुलीला 'तूच विश्वास ठेवायला कमी पडलीस' असं सांगणं अन्यायाचं आहे. मी दुसऱ्या बाजूला झुकते. चित्रपट नमारीला तिची चूक पुरेशी उमगू देत नाही, घाईने माफ करून टाकतो. पण ज्या चित्रपटानंतर अकरा वर्षांची मुलगी तासभर तावातावाने न्याय-अन्यायावर बोलते, त्याला मी वाया गेलेला म्हणणार नाही.

दोघांना शेजारी ठेवलं तर

दोन्ही चित्रपटांचा विषय एकच आहे: ज्याची भीती वाटते त्याच्यावर विश्वास कसा बसतो. 'राया'त तो शब्द किती वेळा येतो हे मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. 'हाऊ टू ट्रेन'मध्ये तो मातीतल्या रेघेवर पाय न ठेवण्यातून येतो. मूल जितकं लहान, तितकी रेघ जास्त उपयोगाची. मूल मोठं, वाद घालणारं, मैत्रिणींच्या भांडणातून नुकतंच गेलेलं असेल, तर 'राया'तल्या उघड बोलण्याला ते चांगलं भिडतं.

भीतीच्या बाबतीत गणित उलटं आहे, आणि इथे मी फसले होते. हाडं मोडणारी, आग ओकणारी जनावरं असलेला 'हाऊ टू ट्रेन' जास्त भीतीदायक असेल असं धरून मी भाच्यासाठी आधी 'राया' लावला. रंग गोड, ड्रॅगन निळी-जांभळी आणि मऊ दिसणारी. पण सुरुवातीलाच रायाचे वडील तिला पुलावरून पाण्यात ढकलून वाचवतात आणि तिच्या डोळ्यांदेखत दगड होतात. भाच्याने विचारलं, "बाबा दगड झाले म्हणजे मेले?" मी थांबवून सांगितलं, शेवटपर्यंत बघ. तो शेवटपर्यंत माझा हात धरून होता. नंतर प्रत्येक प्रदेशात ओंजळ पुढे करून उभे राहिलेले दगडी लोक दिसतात, आणि त्यांत लहान मुलंही असतात. आग आणि दात यांची भीती मुलं खेळात घेतात. आई-बाबा हलत नाहीत, बोलत नाहीत, ही भीती खेळात येत नाही. सहा-सात वर्षांच्या खालच्या मुलांना 'राया' दाखवायचा असेल तर शेवटी सगळे परत येतात हे आधीच सांगून टाका. कथा फुटली तर फुटू दे.

विश ड्रॅगन

यावर फार लिहीत नाही, कारण फार अडचणीच नाहीत. आजचं शांघाय, गरीब वस्तीतला डिन नावाचा कॉलेजचा मुलगा, लहानपणीची मैत्रीण ली ना जी आता श्रीमंत जगात गेलीय, आणि एका जुन्या चहाच्या किटलीतून निघालेला लाँग नावाचा गुलाबी, केसाळ ड्रॅगन. तीन इच्छा. 'हा तर अल्लाउद्दीनच' अशी ओरड मतांमध्ये सगळीकडे आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. सांगाडा तोच आहे.

पण डिनला पैसा नको असतो, त्याला मैत्रीण परत हवी असते. आणि लाँग इच्छा पुरवणारा गुलाम असला तरी आत एक कडवट म्हातारा आहे, ज्याने माणूस म्हणून जगताना सत्ता मिळवली आणि घरचे सगळे गमावले. मोठ्यांना हसवणारे प्रसंग यात सगळ्यात जास्त आहेत. हात खिशातून न काढता फक्त पायांनी लढणारा खलनायक भाच्याने पुढे आठवडाभर घरात केला. ज्या दिवशी सगळे दमलेत, कोणाला रडायचं नाही, पाहुण्यांची मुलं कशाला घाबरतील ते माहीत नाही, त्या दिवशी हा लावावा. आठवण म्हणून तो 'हाऊ टू ट्रेन'इतका टिकत नाही. पण संध्याकाळ छान जाते, आणि कधी कधी तेवढंच हवं असतं.

ज्याला 'संथ' म्हणतात तो

'माय फादर्स ड्रॅगन'वर सगळ्यात जास्त अन्याय झालाय असं मला वाटतं. रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं मूळ पुस्तक १९४८चं, हलकंफुलकं आणि खट्याळ. ते लहानपणी वाचलेले प्रेक्षक चित्रपटावर रागावलेत, कारण चित्रपट त्यापेक्षा खूप गंभीर आहे. आणि बोरिस हा पट्ट्यापट्ट्यांचा ड्रॅगन पोरकट, घाबरट आणि बोलघेवडा असल्यामुळे टूथलेसच्या अपेक्षेने आलेल्यांची निराशा होते. त्यांनी आधीच वेगळा चित्रपट निवडायला हवा होता.

दिग्दर्शिका नोरा टूमी. सगळं हाताने रेखाटल्यासारखं, द्विमितीय, जंगलातली पानं जणू रंगात बुडवलेला कागद. एल्मर या मुलाच्या आईचं छोट्या गावातलं दुकान बंद पडतं आणि दोघं शहरात येतात. आई म्हणत राहते, आपण नवीन दुकान काढू. एल्मरला कळून चुकतं की तसं काही होणार नाहीये. तो रागाने घर सोडतो आणि एका बेटावर पोचतो, जे हळूहळू समुद्रात बुडतंय. तिथल्या प्राण्यांनी बोरिसला दोरीने बांधून ठेवलंय, बेट बुडायला लागलं की त्याने उडून ते वर उचलायचं. त्यांचा म्होरक्या सैवा या गोरिलाला माहीत असतं की याने बेट कायमचं वाचणार नाही. तरी तो सगळ्यांना धीर देत राहतो.

एल्मर बोरिसला सोडवतो आणि ज्याला उत्तर माहीत आहे अशा म्हाताऱ्या कासवाच्या शोधात दोघं निघतात. कासवाच्या गुहेत फक्त त्याचं रिकामं कवच सापडतं. एल्मर ते बघतो आणि बोरिसला सांगत नाही. आईने त्याच्याशी जे केलं, सैवाने प्राण्यांशी जे केलं, तेच तो आता मित्राशी करतो, आणि तेही त्याच कारणाने: समोरच्याचा धीर सुटू नये म्हणून. इथे पुतणी माझ्याकडे वळून बघत होती, चित्रपटाकडे नाही. ज्या घरात नोकरी गेलीय, घर बदललंय, मोठी माणसं हळू आवाजात बोलतायत, तिथल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाबरोबर हा चित्रपट बघावा. मुलांना कळलेलं असतंच, फक्त विचारता येत नसतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र 'संथ आहे' ही तक्रार खरी ठरते. भाचा अर्ध्यातून उठून खेळायला गेला.

मग आज काय लावायचं?

वेगवेगळ्या वयांची माणसं एकत्र बसणार असतील तर माझा कौल बिनदिक्कत २०१०च्या 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'ला. आजी-आजोबांपासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना त्यात जागा मिळते, आणि ९८ मिनिटांत एकही प्रसंग उगाच ताणलेला नाही. फक्त आठ वर्षांपुढची मुलं असतील आणि त्यांनी तो आधी बघितला असेल तर 'राया'. आणि एकाच मुलाबरोबर शांतपणे बसायला वेळ असेल, तेव्हा 'माय फादर्स ड्रॅगन'.

२०२५ मध्ये खऱ्या कलाकारांना घेऊन 'हाऊ टू ट्रेन' पुन्हा केला गेला. दिग्दर्शक तेच डीन डब्लॉय, स्टॉइकच्या भूमिकेत पहिल्या वेळी त्याला आवाज देणारे जेरार्ड बटलरच. 'तोच चित्रपट पुन्हा का बघायचा?' असं अनेक प्रेक्षक विचारतात, आणि 'जुना मनात जसा होता तसाच समोर आला' म्हणून तेवढेच खूश होतात. लहान मुलांसाठी मी जुनाच लावेन. नवा १२५ मिनिटांचा आहे, आणि चित्रातली आग आणि खरी वाटणारी आग यांत छोट्या मुलाच्या दृष्टीने पुष्कळ अंतर असतं. बारा वर्षांचं मूल 'कार्टून नको' म्हणत असेल तर नवा जरूर दाखवा.

पहिला भाग आवडला की दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसऱ्याची मागणी येते. इथे मात्र हात आवरा. २०१४चा दुसरा भाग अनेक प्रेक्षकांना तिन्ही भागांत सरस वाटतो, हिकपची आई त्यात भेटते आणि तिची-स्टॉइकची भेट मी कितीदा तरी बघितलीय. पण त्यात स्टॉइक मरतो. तोही शत्रूच्या हातून नाही. दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला टूथलेस हिकपवर झोत सोडतो आणि स्टॉइक मध्ये येतो. ज्या मुलाने तळवा पुढे करून, डोळे मिटून त्या ड्रॅगनवर विश्वास टाकलाय, त्याला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भाचा दर रविवारी विचारतो, "दुसरा कधी?" मी त्याला सांगितलंय, आठ वर्षांचा झालास की मी तुझ्याशेजारी बसून दाखवीन. तोवर आमच्याकडे पहिलाच चालू आहे, आणि रेघांचा प्रसंग आला की तो अजूनही उशीकडे हात करतो.